बोटांवरचा भार

ट्रुडी हॅव्हलिकला गाव घरभेदी म्हणू लागलं ते ऑक्टोबरात, आणि म्हणणाऱ्यांत सगळ्यात चढा आवाज क्रेग लॅशचा होता. क्रेग हा मार्लो फोर्जच्या बारा वर्षांखालच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मुख्य कोच. एरवी त्याचं गालिचांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी तो लोण्यासारखा बोलायचा आणि उरलेला सगळा खडखडाट मैदानावर आणायचा.

झालं होतं असं, की नदीपलीकडच्या बर्डॉकच्या पोरांनी मार्लो फोर्जला त्यांच्याच मैदानावर धू धू धुतलं होतं. हरायची गावाला सवय होती. पण या वेळी बॉल हलायच्या आधीच बर्डॉकच्या बचावातला मधला पोरगा ओरडायचा, "रन!" आणि खरोखर बॉल घेऊन पळायचाच डाव असायचा. तो ओरडायचा, "पास!" आणि बॉल फेकायचा डाव असायचा. एकदाही चुकला नाही. बर्डॉकच्या बचावाचा कोच होता ड्युएन हॅव्हलिक, चार वर्षांपूर्वीपर्यंत ट्रुडीचा नवरा. गावाने दोनात दोन मिळवले आणि चार आले.

ट्रुडी गावातल्या किराणा दुकानात मटणाच्या काउंटरवर कामाला होती आणि संध्याकाळी संघाच्या फळीला शिकवायची. फळी म्हणजे सगळ्यात पुढे ओळीने वाकून बसणारी पाच धिप्पाड पोरं. त्यांनी बॉलला हात लावायचा नाही. समोरून येणारं अंग अंगाने अडवायचं, एवढंच. मागे कोणी पळाला किंवा कोणी फेकलं की लाउडस्पीकरवर त्याचं नाव, फळीतल्या पोराचं नाव फक्त चूक झाली की. त्यामुळे कुठल्याच बापाला फळीचा कोच व्हायचं नसतं. ट्रुडीचा बाप मात्र जन्मभर शाळेत तेच करत आला होता. तिचे तिन्ही भाऊ फळीतले. जेवणाच्या टेबलावर मीठदाणी आणि मिरीदाणी कोणाला कसं अडवते ते बघत ती मोठी झाली होती.

आणि शिकवायची ती जीव तोडून. पाठ सपाट, डोकं वर, एक पंजा जमिनीवर. अंगठे वर, कोपरं आत, समोरच्याच्या छातीवर हात. पहिलं पाऊल तोकडं. "जो वाकला तो जिंकला," हे तर पोरं झोपेत बडबडायची असं त्यांच्या आया सांगायच्या. पण ट्रुडीची खरी शाळा होती हाताची. रनचा डाव असेल तर समोरच्याला मागे रेटायचं असतं, म्हणून सगळा भार पुढे, बोटांवर. पासचा डाव असेल तर मागे सरकून भिंत धरायची असते, म्हणून भार टाचांवर, खुर्चीत बसल्यासारखा, आणि बोटं गवताला नुसती टेकलेली. हे पोरं करतात की नाही हे ती बुटाने तपासायची. चालता चालता एखाद्याचा जमिनीवरचा हात अचानक बुटाने बाजूला सारायची. रनला पोरगं तोंडघशी पडलंच पाहिजे. पासला जागचं हलता कामा नये. बापाची हीच परीक्षा होती, आणि तिच्या पाचही पोरांनी ती पास केली होती. आख्ख्या लीगमध्ये एवढी घोटून घेतलेली फळी दुसरी नव्हती, आणि हे तिला माहीत होतं.

त्या पराभवानंतर क्रेगने कोच मंडळींना आणि पालकांना बाकांपाशी गोळा केलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, की आपले डाव नदीपलीकडे जातात कसे. विचारताना तो बघत होता ट्रुडीकडे. ती म्हणाली की तिने ड्युएनशी शेवटचं बोलणं वकिलासमोर केलंय. कोणीतरी हसलं. क्रेग नाही हसला.

"उपांत्य सामना पुन्हा बर्डॉकशी आहे," तो म्हणाला. "तोपर्यंत एकही डाव तुझ्या कानावर पडणार नाही. तू पोरं वाकवून उभी कर. काय खेळायचं ते मी बघतो. आणि त्या दिवशी पुन्हा असंच झालं, तर फळी माझा मेहुणा सांभाळेल."

"तुझा मेहुणा किप? तो शाळेत बॉलला एक लाथ मारण्यापुरता आत जायचा आणि चड्डी झटकत बाहेर यायचा. फळीत कधी उभा तरी राहिलाय का?"

"तो कोणाची घटस्फोटित बायको तरी नाहीये."

गावाने घरभेदी म्हटलं तर म्हणो. काउंटरपलीकडे बायका तिच्याकडून सॉसेज तोलून घेताना वजनाकडे जरा जास्तच बघू लागल्या, तेही तिने गिळलं. पण ही पाच पोरं हातची गेली असती तर तिच्याकडे दिवसाला काउंटर आणि रात्रीला टीव्ही एवढंच उरलं असतं. ते तिला नको होतं. तिला तिची फळी हवी होती, आणि क्रेग लॅशच्या हातात ती सोपवायची म्हणजे तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

उपांत्य सामन्याच्या शनिवारी नदीवरून बोचरं वारं सुटलं होतं. मैदानाच्या टोकाला चर्चच्या बायका बटाट्याचं सारण भरलेल्या पिएरोगी तळत होत्या, आणि तिथेच, हातात मोहरी ओघळणारा सॉसेजचा पाव घेऊन, ड्युएन उभा होता. ट्रुडीला तो चुकवता आला असता. तिने चुकवला नाही.

"काय गं, काढलं नाही अजून तुला?" ड्युएनने तोंड भरलेलं असतानाच विचारलं.

"मी तुला डाव सांगते असं तूच पसरवलंस ना?"

"मी कशाला पसरवू? लोकांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो नाही, एवढंच."

"नाही म्हणायला काय गेलं असतं तुझं?"

"आणि म्हणून काय मिळालं असतं?" त्याने बोटावरची मोहरी चाटली. "पण शिकवतेस मात्र झकास हां. तुझ्या पोरांइतकी प्रामाणिक पोरं मी आजवर बघितली नाहीत."

ते स्तुतीसारखं होतं आणि ड्युएनकडून स्तुती फुकट येत नाही, हे अकरा वर्षांच्या संसारात ती शिकली होती. तरी त्या वेळी तिला त्यातलं काही उमगलं नाही. पाव त्याच्या शर्टावर ढकलावा एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती निघून गेली.

क्रेगने बोलल्याप्रमाणे केलं. डाव तो एकेका पोराच्या कानात सांगून आत पाठवायचा, आणि सांगताना ट्रुडीच्या बाजूला तळहाताचा आडोसा धरायचा. पालक बघत होते. ट्रुडी बाकाच्या शेवटी, पाण्याच्या बाटल्यांशेजारी उभी. इतकं करूनही बर्डॉकचा मधला पोरगा पहिल्याच डावाला ओरडला, "रन!" आणि रनच निघाला. मग "पास!" आणि क्रेगचा पुतण्या, जो बॉल फेकणारा होता, तो दोन पोरांखाली गाडला गेला. ट्रुडीला एका बाजूने बरंच वाटलं. तिला एकही डाव माहीत नव्हता. आता तरी क्रेगच्या डोक्यात उजेड पडेल. पण क्रेगने वळून तिच्याकडे असं बघितलं, जणू ती कवटीच्या आरपार त्याचे डाव वाचत होती.

दुसऱ्या वेळी पुतण्या उठला तो लंगडत. बर्डॉकचे बारा, मार्लो फोर्जचं शून्य. फळी पुन्हा वाकली. ट्रुडी दात आवळून पुटपुटली, "आता पास आहे, मागे बसा नीट." आणि लगेच बर्डॉकचा पोरगा ओरडला, "पास!"

पासच होता.

ट्रुडी बाटल्यांपासून दोन पावलं पुढे सरकली. तिला कोणी सांगितलं होतं पास म्हणून? कोणी नाही. क्रेगने तर आडोसा धरला होता. मग तिला कळलं कसं? पुढच्या डावाला तिने क्रेगकडे, पुतण्याकडे, कोणाकडेच बघितलं नाही. नुसतं आपल्या फळीकडे बघितलं. जवळच्या टोकाला डीकन होता. त्याचा जमिनीवरचा हात खांबासारखा ताठ, बोटं दाबून टोकाला पांढरी पडलेली. रन, ती मनात म्हणाली. रन निघाला. पुढच्या डावाला डीकनची बोटं गवतावर नुसती ठेवलेली, हात सैल. पास. पास निघाला. डीकनच नव्हे, पाचही पोरं तशीच. जितकं छान शिकवलं तितकं स्वच्छ वाचता येत होतं. हलक्या शिकवणीची पोरं कधी भार देतात, कधी विसरतात, त्यांच्या हातावरून कोणालाच काही कळत नाही. तिची पोरं एकदाही विसरत नव्हती. ड्युएनने सासऱ्याची ती बुटाची परीक्षा कितीतरी वेळा बघितली होती. त्याने आपल्या मधल्या पोराला फक्त एवढंच सांगितलं असणार, की समोरच्यांच्या बोटांकडे बघ.

म्हणजे घरभेदी तीच होती.

मध्यंतरात तिला गप्प बसता आलं असतं. पोरांना बाजूला घेऊन हात सुधारता आले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता. पण पुतण्या पुन्हा पुन्हा आपटू लागल्यावर क्रेगने पास बंदच केला होता, आणि नुसत्या रनवर बारा गुण भरून निघणार नव्हते. आता फेकायलाच हवं होतं, आणि फेकायचं की नाही हे क्रेगच्या हातात होतं. ती पालकांच्या घोळक्यातून सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"क्रेग, डाव फुटतायत ते माझ्याकडूनच फुटतायत."

पिएरोगीचा घास घेतलेला एक बाप तसाच थांबला. ट्रुडीने सगळं सांगितलं, बोटं, भार, डीकनचा हात, ड्युएनची नजर. सांगताना तिने वाकून स्वतः करून दाखवलं. क्रेगला समजलं की नाही कोण जाणे, पण पहिलं वाक्य त्याला बरोबर ऐकू आलं होतं.

"म्हणजे मी म्हणत होतो तेच."

"हो, तू म्हणत होतास तेच. आता लांबचा पास लाव. आपण रन करतोय असंच त्यांना वाटेल, ते मी बघते."

"आणि पोराला पुन्हा आपटलं तर?"

"तर तुझ्या मेहुण्याला बोलाव."

मग ती फळीपाशी गेली. तीन-चार मिनिटं होती. सेंटर म्हणजे फळीतला मधला, बॉल मागे देणारा. त्या जागेवर ऑगी होता. चर्चच्या बायकांकडून काकडीचं लोणचं मागून खाणारा, गालांवर अजून बाळसं असलेला. तिने त्यांना सांगितलं, की ऑगी जेव्हा "लोणचं" म्हणेल तेव्हा हात खोटा टाकायचा. बोटं दाबून पांढरी करायची, हात ताठ ठेवायचा, पण बूड खुर्चीतच. आणि रनला याच्या उलट.

"म्हणजे खोटं बोलायचं, कोच?" डीकनने विचारलं. त्याचा बाप धर्मोपदेशक होता.

"हाताने. तोंडाने बोललास तर तुझ्या बाबांना सांगेन."

पोरं खिदळली. तिने एकेकाच्या हातावर बूट मारून बघितला. बोटं पांढरी, आणि पोरगं जागचं हलत नाही. डीकन पहिल्या खेपेला तोंडावर आपटला, दुसऱ्या खेपेला टिकला.

उत्तरार्धात ऑगीने पहिल्यांदा लोणचं म्हटलं तेव्हा बर्डॉकचा मधला पोरगा छातीठोक ओरडला, "रन!" आणि त्यांची सगळी पोरं पुढे झेपावली. ट्रुडीची पाच पोरं मागे बसली, अंगठे वर, कोपरं आत, आणि झेपावलेली अंगं त्यांच्या तळहातांवर येऊन थांबली. पुतण्याला इतका निवांत वेळ मिळाला की त्याने एकदा मागे वळूनही बघितलं. मग त्याने बॉल लांब फेकला, आणि तिकडे टोकाला पकडणाऱ्याच्या आसपास चिटपाखरूही नव्हतं. ड्युएनने टोपी काढून जमिनीवर आपटली. ट्रुडीला इतका आनंद झाला की तिला त्याची थोडी लाजही वाटली नाही.

दोन-तीन लोणच्यांनंतर बर्डॉकचा मधला पोरगा ओरडेनासा झाला. तो ड्युएनकडे बघायचा, ड्युएन बोटांकडे बघायचा, आणि तोवर बॉल निघून गेलेला असायचा. मार्लो फोर्ज दोन गुणांनी जिंकलं. हस्तांदोलनाच्या रांगेत ड्युएनने तिचा हात धरला आणि सोडला नाही.

"शेवटी पोरांना खोटं शिकवलंस."

"अकरा वर्षं तुझ्याजवळ काढली. काहीतरी शिकलेच असणार."

रविवारी चर्च सुटल्यावर क्रेगचा फोन आला. अंतिम सामना पुढच्या शनिवारी होता आणि फळी किप सांभाळणार होता. ट्रुडीने विचारलं की जिंकलो ना आपण. क्रेग गालिचा विकायच्या आवाजात म्हणाला की हो, त्याने हिंमत करून पास लावला म्हणून जिंकलो. पण पहिला सामना तिच्या शिकवणीने घालवला, हे तिने स्वतः सगळ्यांसमोर कबूल केलंय. "आणि ड्युएन नेमकं काय बघतो हे तुला इतकं बरोबर कसं कळलं, असंही लोक विचारतायत," तो म्हणाला. "मी काय उत्तर देऊ त्यांना?" तिने फोन ठेवला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकायला रविवार कशाला घालवायचा.

मंगळवारी ती पोरांच्या धडका घ्यायच्या जाड गाद्या परत द्यायला मैदानावर गेली. गाद्या संघाच्या होत्या. क्रेगने त्या घेतल्या आणि फाटकाकडे बोट केलं. ती फाटकाबाहेर गेली, आणि तारेच्या कुंपणाला टेकून रस्त्यावर उभी राहिली. आत किप तिच्याच फळीपुढे फेऱ्या मारत होता. त्याला कोणीतरी ती बुटाची परीक्षा सांगितली असावी, कारण तो हात लाथाडत होता आणि पोरं तोंडघशी पडली की "शाबास" म्हणत होता. म्हणजे झालं, पुन्हा तेच. शनिवारी अंतिम सामन्यात कोणीही डोळस कोच येईल आणि तिची पोरं उघडी पाडेल.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पोरं वाकली तशी ती कुंपणाबाहेरून खणखणीत आवाजात म्हणाली, "रन."

रन निघाला. घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या पालकांनी माना वळवल्या. पोरं पुन्हा वाकली. "पास," ट्रुडी म्हणाली, आणि पास निघाला. तिसऱ्यांदा "रन," आणि रन. एक आई हातातला थर्मास विसरून तिच्याकडे आणि फळीकडे आळीपाळीने बघू लागली. क्रेगचा चेहरा बिटासारखा झाला. तो तरातरा कुंपणापर्यंत आला.

"चालती हो इथून."

"रस्ता सरकारचा आहे. आणि तुझे डाव तर सगळ्या गावाचेच झालेत, बघ."

हे दुष्टपणाने चाललं होतं आणि तिला त्यात मनापासून मजा येत होती. सगळ्यांदेखत त्याने तिला फाडलं होतं, आता सगळ्यांदेखत ती त्याला फाडत होती. पोरांचं काय होतंय हे त्या घडीला तिच्या मनातही नव्हतं. तेवढ्यात सेंटरच्या जागेवरून ऑगीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. हेल्मेटच्या जाळीतून नुसते गाल दिसत होते. मग पोरं डाव ऐकायला एकत्र जमली आणि परत येऊन वाकली.

ट्रुडीने कान टवकारले. लोणचं कोणी म्हणालं नाही. तिने हात बघितले. पाचही ताठ, बोटं पांढरीफटक, यापेक्षा स्वच्छ काय असतं. "रन," ती सगळ्यात मोठ्याने म्हणाली.

फळी मागे बसली. पाचही पोरं एका दमात, अंगठे वर, कोपरं आत. बॉल त्यांच्या डोक्यांवरून लांब गेला.

क्रेग आधी गोंधळला आणि मग पोट धरून हसला. पालकही हसले, त्यांना तेवढंच हवं होतं. "काय झालं, ट्रुडीबाई? नवऱ्याचा फोन लागत नाही का आज?" ट्रुडीचे कान तापले. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. लोणचं हा शब्द तर कोणी उच्चारलाच नव्हता. मग पाचही जणांना कळलं कसं? काहीतरी दुसरी खूण केली असणार, त्यांनी स्वतःच ठरवलेली, किपला, क्रेगला, कोणालाच न सांगितलेली. हे तिने शिकवलं नव्हतं. गुरूची विद्या गुरूलाच फळली, ती अशी भर रस्त्यात.

पोरं पुन्हा वाकली. किप पुन्हा हात लाथाडत रांगेतून गेला, आणि त्याला काहीच दिसलं नाही.

"बोल ना," क्रेग कुंपणापाशी येऊन म्हणाला. "आता काय आहे? सांग सगळ्यांना."

ट्रुडीने हात बघितले. ऑगीचा, डीकनचा, मग उरलेले तिन्ही, आणि पुन्हा पहिल्यापासून. बापाचं सगळं शिक्षण, भावांच्या सगळ्या जखमा, स्वतःचे सगळे हंगाम पणाला लावून तिने बघितलं. पाच पंजे गवतावर टेकलेले, आणि पाचही हुबेहूब सारखे.

"नाही सांगता येत," ती म्हणाली. तिच्या आवाजातला अभिमान क्रेगला पराभव वाटला. वाटू दे, ती मनाशी म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली.